सफरचंदाचा रस आणि माझे अकरा तास

तीर्थरूप ताईस,

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीही तुझ्यापुढे धाकटाच उरलेल्या भावाचा वाकून नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, पट्टी निघाली आणि डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली, हे भाच्याकडून कळलं. पहिलं वाचन माझ्याच पत्राचं घडणार असं दिसतं, तेव्हा अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. त्यामुळे पत्र लांबलचक वाटेल. (ते लांबलचक आहेच, पण दोष अक्षराला दे.) थेंब वेळेवर घालतेस ना? घालत नसणार हे मला ठाऊक आहे, तरी विचारायची रीत आहे म्हणून विचारलं. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. हिची पाठ अधूनमधून कुरकुरते, पण ही स्वतः कुरकुरत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे.

पत्रास कारण असं की, मागच्या महिन्यात हिने तुला फोनवर सांगितलं की हे हल्ली ज्यूसच्या कारखान्यात जातात, आणि त्याच संध्याकाळी भाच्याचा मला फोन आला, की मामा, पेन्शन पुरत नाही का? तेव्हापासून आपल्या नात्यागोत्यात मी कुठेतरी गाडा लावून ग्लास विसळतो आहे अशी समजूत पसरली आहे. धाकट्या मावशीने तर बर्फ कुठला वापरता असंही विचारलं. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहितो. त्यात माझी फजिती बरीच आहे, आणि एक गोष्ट अशीही आहे की जी मी तुझ्याशिवाय कुणाला धड सांगू शकणार नाही.

मी शाळेत गणित शिकवत असताना माझ्या वर्गात एक मुलगा होता, बेरीज करताना नेमाने हातचा विसरायचा. त्याला सगळी शाळा ‘हातचा’ म्हणायची. हा हातचा आता सफरचंदाचा रस काढणाऱ्या कारखान्याचा मॅनेजर आहे. (बेरजा आता संगणक करतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.) एके दिवशी तो घरी आला, वाकून पाया पडला आणि म्हणाला की सर, आमचा फिल्टर तुंबतो, तुम्ही त्याचं गणित मांडून द्या. मी म्हणालो, अरे, तुंबलेल्या गोष्टींसाठी प्लंबर असतात. तो म्हणाला, प्लंबर येऊन गेला, त्यानेच सांगितलं की हे गणिताचं काम आहे. आता खरं सांगायचं तर मी नकार देणार होतो. पण निवृत्त झाल्यापासून मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना आकारमानाप्रमाणे क्रमांक दिले होते आणि हिला तीन दिवस साखर सापडली नव्हती. त्यामुळे मी तोंड उघडायच्या आत हिने आतूनच सांगितलं की हे उद्यापासून येतील.

फिल्टर म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सफरचंद चिरडून जो रस निघतो तो गढूळ असतो. तो स्वच्छ करायला त्यांच्याकडे पोकळ नळ्यांचे जुडगे आहेत, प्रत्येक नळी वाळल्या गवताच्या काडीएवढी. नळीच्या भिंतीला इतकी बारीक छिद्रं आहेत की ती डोळ्यांना दिसत नाहीत, तुझ्या नव्या डोळ्यालाही नाही. या भिंतीला मेंब्रेन म्हणतात. रस दाबाने नळीतून पळवायचा, नितळ रस भिंतीतून पाझरून बाहेर येतो आणि गाळ आत राहतो. आता हा गाळ गप्प बसेल तर फिल्टर कसला? काही कण छिद्रांत शिरून आतून चिकटतात, काही छिद्रांच्या तोंडावरच बसकण मारतात, आणि उरलेले त्यांच्यावर थर देत जातात. पाझर कमी कमी होतो. शेवटी सगळं थांबवून गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने दीड तास धुवावं लागतं. तोवर बाहेर अंगणात सफरचंदांचे ढीग उन्हात वाट पाहत बसतात, आणि सफरचंद वाट पाहायला लागलं की त्याचं काय होतं ते तुला सांगायला नको.

फिल्टरवर दोन पाळ्या होत्या. सकाळच्या पाळीला एक पस्तिशीचा माणूस, त्याला सगळे टापटीप म्हणत, कारण त्याचा शर्ट, त्याचा भांग आणि त्याची नोंदवही यांत कुठेही सुरकुती नसे. दुपारच्या पाळीला एक बाई. पन्नाशीच्या आसपास, बारीक चणीच्या, बोलणं तुटक. सोळा वर्षं त्याच फिल्टरवर. त्यांना सगळे नुसतंच ऑपरेटरबाई म्हणत. तक्रार अशी होती की सकाळी फिल्टर पूर्ण पाळी चालतो, आणि दुपारी बाईंच्या हातात आला की पाच-सहा तासांत गळा धरतो.

पहिल्याच दिवशी बाई मला फिल्टर दाखवत होत्या. मी मान डोलावत होतो आणि मनात समीकरण मांडत होतो. (बत्तीस वर्षं मुलांना सांगितलं की ऐकताना दुसरा विचार करू नका. स्वतःला सांगायचं राहिलं.) तशात एक निळ्या दांड्याची झडप दिसली आणि ती कुठल्या बाजूने फिरते हे पाहावं असं माझ्या मनात आलं. ती माझ्या बाजूने फिरते. छातीएवढ्या उंचीवरून थंडगार रस असा आला की चष्मा गेला, वही गेली, आणि मी टाइल्सवर बसून शेजारी उभ्या हातच्याकडे वर पाहत राहिलो. बाईंनी एका हाताने झडप बंद केली, दुसऱ्या हाताने चष्मा दिला, आणि नोंदवहीत लिहिलं: ‘दोन वाजून दहा मिनिटं, गळती, कारण सर.’ घरी येताना बसमध्ये चार गांधीलमाश्या माझ्याबरोबर बसल्या. शेजारचे गृहस्थ पुढच्या थांब्यावर उतरले, तो त्यांचा थांबा नव्हता. हिने मला दारातच अडवलं आणि जिन्यावर उभं करून बादलीने आंघोळ घातली. वरच्या मजल्यावरच्या मुली ते पाहायला खाली आल्या होत्या, त्यांतल्या दोघी माझ्या विद्यार्थिनी.

तर गणित. मला वाटलं होतं सोपं असेल. ते सोपं नव्हतं, आणि ताई, मला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. एक छिद्र म्हणजे एक चिमुकली नळी समज. तिच्या भिंतीला गाळ चिकटला की त्रिज्या घटते. त्रिज्या निम्मी झाली म्हणजे प्रवाह निम्मा होईल असं तुला वाटेल. होत नाही. सोळावा हिस्सा उरतो. म्हणजे गाळाने जरासं पाऊल आत टाकलं की प्रवाह गुडघ्यावर येतो. मग पाझर घटला की गाळ यायचाही वेग घटतो, आणि वर बसलेला थर दाबाने आणखी घट्ट होतो. म्हणजे प्रत्येक गोष्ट दुसरीच्या शेपटीला बांधलेली. मी जेवताना ताटाशेजारी कागद ठेवायला लागलो. आजूबाजूच्या कारखान्यांत असले फिल्टर कसे चालतात ते विचारलं, संगणक चालवायला हातच्याच्या लेखनिकाला पकडलं, आणि तीन आठवड्यांनी उत्तर काढलं. धुतलेला फिल्टर, दाब दोन बार (बार हे दाबाचं माप), रस नेहमीचा, तर तो अकरा तास चालला पाहिजे.

अकरा तास. आता हे पडताळून पाहायचं. मी टापटीपची नोंदवही घेतली आणि त्याचे आकडे माझ्या आलेखावर ठेवले. ताई, काय सांगू? आठही तासांचे ठिपके माझ्या रेषेवर असे बसले होते की जणू रेषा त्यांच्यासाठीच काढली होती. मग बाईंची वही घेतली. तिथे ठिपके वर-खाली, मध्येच खाडाखोड, एका ठिकाणी ‘पंप वेगळा वाजतोय’ असलं काहीतरी, आणि पाझर माझ्या रेषेच्या कितीतरी खाली. मी तासभर विचार केला. (तासभर. तेवढाच.) आणि निष्कर्ष काढला की फिल्टर ठीक, रस ठीक, गणित ठीक, म्हणजे चूक चालवणाऱ्या हाताची.

हे मी सभेत सांगितलं. फळ्यावर. दोन रंगांच्या खडूंनी. टापटीप पुढच्या रांगेत बसून मान हलवत होता. बाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. मध्येच त्यांनी हात वर केला, बोलायला लागल्या, आणि मी काय केलं असेल? बत्तीस वर्षं जे केलं तेच. म्हटलं, शंका शेवटी. शेवटी घंटा झाली आणि शंका राहिली. दुसऱ्या दिवशी हातच्याने त्यांना फिल्टरवरून काढून झाकणं लावायच्या विभागात पाठवलं. बाटल्या येतात, झाकण बसलं का ते बघायचं. सोळा वर्षांनंतर. मी त्यांना जेवणाच्या सुट्टीत पाहिलं, त्या माझ्याकडे पाहून रागावल्यासुद्धा नाहीत. डबा बंद करून उठून गेल्या. मला जरा लागलं, पण मी मनाला समजावलं की गणितात भावना आणायची नसते.

बाईंच्या जागी एक नवा माणूस आला. मी त्याला अकरा तासांचा तक्ता भिंतीवर लावून दिला. पहिल्या दिवशी फिल्टर पाच तासांत तुंबला. दुसऱ्या दिवशी साडेचार. आठवडा झाला, दोन आठवडे झाले. तो बिचारा तक्त्याकडे पाहायचा, मग माझ्याकडे, मग पुन्हा तक्त्याकडे. अंगणातले ढीग वाढले, गांधीलमाश्या आता मला नावानिशी ओळखत असाव्यात, आणि हातचा रोज सकाळी विचारायचा, सर, आपण कुठे काही विसरलो का? (हा प्रश्न मी त्याला चौथी ते सातवी रोज विचारत होतो.)

मग एका दुपारी मी दोन्ही वह्या पुन्हा उघडून बसलो. टापटीपची वही पाहताना एक मंगळवार दिसला. त्या मंगळवारी सकाळी दहा ते अकरा कारखान्यात वीज नव्हती. मला पक्कं आठवत होतं, कारण मी तेव्हा आतल्या स्वच्छतागृहात होतो आणि चाचपडत बाहेर येताना माझ्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. आणि वहीत साडेदहाला दाब दोन, पाझर अमुक. पंप बंद, आणि दाब दोन. मी पानं उलटत गेलो. रोज तोच दोन. एकच शाई, एकच तिरकेपणा, सगळे आकडे एका बैठकीत काढल्यासारखे. ताई, मी बत्तीस वर्षांत कॉपी करणारी किती मुलं पकडली असतील? कुणाच्या बाहीत काय आहे ते मला वासाने कळायचं. आणि इथे समोर आख्खी वही कॉपीची होती आणि मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले होते, का तर तिची उत्तरं माझ्या उत्तराशी जुळत होती. त्याने मागच्या वर्षीचा एक चांगला दिवस पाठ केला होता आणि तोच रोज लिहीत होता.

उठलो तो थेट झाकणांच्या विभागात गेलो. तिथे इतका खडखडाट असतो की मला माफी ओरडून मागावी लागली, आणि तरी ती त्यांना ऐकू आली नाही. त्यांनी मला हाताने खुणावून बाहेर नेलं. मी विचारलं की त्या दिवशी तुम्हाला काय सांगायचं होतं. त्यांनी हातमोजे काढले. मग म्हणाल्या, “सर, मला फिल्टर कधी कोरा मिळतच नाही.”

एवढंच. मी माझ्या समीकरणाच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवलं होतं की वेळ शून्य असताना फिल्टर स्वच्छ आहे. कुणालाही न विचारता. गणितात अशी सुरुवातीची अट लिहावीच लागते, आणि ती लिहायला इतकी सोपी असते की हात थांबत नाही. दुसऱ्या दिवशी मी दोन पाळ्यांच्या मध्ये, टापटीप गेल्यावर लगेच, एक बादली आणि हिचं कुकरच्या शिट्ट्यांचं घड्याळ घेऊन फिल्टरपाशी उभा राहिलो. (घड्याळ न विचारता नेलं होतं. त्या दिवशी आमच्याकडे भात करपला.) नुसतं पाणी सोडलं आणि बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहिलं. धुतलेल्या फिल्टरला जेवढा वेळ लागावा त्याच्या जवळजवळ दुप्पट लागला. झडपा मात्र मी हलवल्या नाहीत, बाईंनी हलवल्या. झाकणं सोडून आल्या होत्या.

मग उलगडा झाला. टापटीपची बस पावणेदोनला, पुढची एक तासाने. पाळी दोनला संपते. दीड तासाचं धुणं तो वीस मिनिटांत उरकायचा, आणि रस लवकर संपावा म्हणून सकाळी दाब दोनऐवजी साडेतीनपर्यंत चढवायचा. त्याने गाळ भिंतीत असा ठासला जायचा की वीस मिनिटांच्या पाण्याला तो दादच देत नसे. बाईंना रोज अर्धा बुजलेला फिल्टर मिळायचा आणि त्या तो सांभाळून पाच-सहा तास ओढायच्या. म्हणजे खरं तर कौतुक त्यांचं करायला हवं होतं, आणि मी त्यांना दोन रंगांच्या खडूंनी दोषी ठरवलं होतं.

मी हातच्याला सांगितलं की सभा बोलव, तीच सगळी माणसं, तोच फळा. तो म्हणाला, सर, मी बाईंना गुपचूप परत आणतो, कशाला तमाशा. मी म्हटलं, चूक फळ्यावर केली आहे, ती फळ्यावरच पुसायची. आदल्या दिवशी जेवण गेलं नाही. हिने विचारलं तर ॲसिडिटी आहे म्हणालो. फळ्यापुढे उभा राहिलो तेव्हा ताई, कोरा फळा मी दोनदा पुसला, आणि बत्तीस वर्षं फळा माझ्या पाठीशी होता म्हणून मी किती धीट होतो ते मला तेव्हा कळलं. जुनं सगळं पुन्हा लिहिलं, पहिल्या ओळीवर काट मारली आणि म्हणालो, “चूक बाईंची नव्हती. माझी होती. मी त्यांना बोलू दिलं नाही.” टापटीपने मान खाली घातली होती, त्याच्या शर्टाला त्या दिवशी एक सुरकुती होती. बाई मागून पुढे आल्या, फळ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, “मग आठवडाभर दर अर्ध्या तासाने आकडे तुम्ही घ्या. मी बसते.”

आणि त्या खरोखरच बसल्या. स्टूल घेऊन, बरोबर फिल्टरसमोर. मी सात दिवस घड्याळाकडे पळत होतो. चौथ्या दिवशी मलाही ऐकू आलं की पाझर घटायच्या आधी पंप वेगळा वाजतो. मी धावत सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, लिहा. टापटीपला हातचा काढून टाकणार होता, पण मग पाळीची वेळ पाऊण तास अलीकडे आणली आणि धुणं दोघांनी मिळून करायचं असं ठरलं. त्याला बस मिळते. मला त्याच्याकडून ‘मी वीज नसताना दाब लिहिणार नाही’ हे शंभर वेळा लिहून घ्यायचं होतं, पण तो पस्तीस वर्षांचा आहे आणि अक्षर इतकं सुंदर की त्याला ती शिक्षा वाटली नसती.

आता फिल्टर नऊ तास चालतो. अंगण रिकामं झालं आहे, गांधीलमाश्या दुसरीकडे कामाला लागल्या. बाई त्यांच्या जागी आहेत आणि मला झडपांपासून दोन हात लांब उभं करतात. एकंदरीत सगळं छान आहे, मी समाधानी आहे, आता घरी बसून आराम करणार आहे, आणि तुला माझी काळजी करायचं काहीही कारण नाही. भाच्याला आशीर्वाद, नातीचा गालगुच्चा.

तुझा धाकटा

ता.क. रस मी विकत नाही हे धाकट्या मावशीला तूच सांग. माझ्यावर तिचा विश्वास नाही.

ता.क. दुसरा. नऊ तास चालतो असं लिहिलं. गणित अजून अकराच म्हणतं. मधले दोन तास कुठे जातात ते मला कळत नाही आणि ते कळल्यावाचून चैन पडत नाही. तर असं आहे, की पस्तीस वर्षांपूर्वी नोकरी धरायच्या आधी मी ज्या विषयावर संशोधन सुरू केलं होतं, तो बुजत जाणाऱ्या नळीतल्या प्रवाहाचाच होता. त्याची एक जाड हिरवी वही होती. ती मी जाळली असं सर्वांना सांगितलं होतं. जाळली नाही, तुझ्या माळ्यावर जुन्या ट्रंकेत ठेवली होती. ती शोधायला मी पुढच्या आठवड्यात येतो आहे. विद्यापीठात विचारून आलो, वयाची अट नाही. डॉक्टरेटचा अर्ज भरून ठेवला आहे. हिला यातलं काही माहीत नाही, हसेल, म्हणून तूही बोलू नकोस. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ताईंना नमस्कार. हे पत्र पोस्टात टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायला विसरले, म्हणून वाचलं. हिरवी वही तुम्ही घर रंगवताना माझ्याकडे दिली होती, ती माझ्या कपाटात उशांच्या अभ्र्यांखाली नीट आहे. अर्जावर ह्यांनी जन्मतारीख चुकीची लिहिली होती, ती मी दुरुस्त केली आणि अर्ज काल नेऊन दिला. ह्यांना यातलं काही सांगू नका. येऊ देत तुमच्याकडे, दोन दिवस माळा शोधू देत, तुमचा माळा एकदाचा साफ होईल. परत आले की मी वही देईन. डोळ्यांत थेंब घालत जा.